वाटीतलं तेल

कागदावर मी चाचणी विभागातला मिस्त्री, पण खरं सांगायचं तर चार दिवसांतले तीन दिवस मी धुणंच धुतो. धातू कापताना ड्रिलवर सोडायचं तेल मी तपासतो: मशीनमधलं एक तेल काढायचं, दुसरं भरण्याआधी टाकी, पंप, नळ्या, गाळणी सगळं खोलून गरम पाण्याने घासायचं, वाळवायचं, मग नव्या तेलाचा पहिला डबा नुसता फिरवून फेकून द्यायचा. आधीच्या तेलाचा ओशटपणा राहिला, की पुढच्याचा आकडा खोटा येतो. एकतीस वर्षं हेच करतोय. आता गुडघे माझ्याआधी घरी जायला निघतात.

यावेळचं तेल माझ्या सुनेचं होतं. ती याच कारखान्यात, रसायनांच्या खोलीत. जुन्या तेलाने कामगारांच्या हातांची सालं निघतात, म्हणून दोन वर्षं खपून तिने हातांना न चावणारं तेल बनवलं. दोन फेऱ्यांत ते थोडक्यात हरलं. ही तिसरी आणि शेवटची. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, जुन्या तेलाला गाठलं तर ठीक, नाहीतर हे काम बंद. घरात सगळे दबकून वागत होते. माझा मुलगा तर बिचारा चहासुद्धा विचारून प्यायचा.

कसोटी साधी. कोरं ड्रिल लावायचं आणि ते बोथट होईपर्यंत पोलादाच्या जाड पट्टीत किती भोकं पडतात ते मोजायचं. जुन्या तेलावर दोनशे बारा पडली. मग दीड दिवस धुतलं, कंबरेचा पार काटा ढिला झाला, आणि सुनेचं तेल भरलं. दोनशे वीस!

सून लहान मुलीसारखी टाळ्या पिटत हसली. मीही हसलो, ब्रश पुसायला हातात घेतला आणि माझी नजर त्याच्या वाटीवर गेली.

भोकांची नवी ओळ सुरू करताना ड्रिलच्या टोकाला ब्रशाने तेल लावायचं, ही माझ्या उस्तादाने लावलेली सवय. हात आपोआप जातो. ब्रश असतो मशीनवर ठेवलेल्या वाटीत, आणि वाटीत होतं जुनंच तेल. टाकी घासली, नळ्या घासल्या, वाटीकडे बघितलंच नाही. कारण ती मशीनची नव्हे, माझी.

गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तासभर बसलोही. मग वाटी घेऊन तिच्या टेबलापाशी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

ती वाटीकडे बघत राहिली. "मागच्या दोन्ही वेळेलापण लावलं होतं, बाबा?"

"एकतीस वर्षं लावतोय गं."

"परत धुवू या," एवढंच म्हणाली, आणि बाह्या सरसावून स्वतःच नळ्या खोलायला बसली.

या खेपेला ब्रश नव्हता, त्यामुळे डाव्या हाताचं काय करावं तेच मला कळेना. नव्वदाव्या भोकाला ड्रिल किंचाळायला लागलं. चौऱ्याण्णवला संपलं.

तिने आकडा लिहिला. मग दोन वर्षांची वही पहिल्या पानापासून उघडली. फेऱ्यांमधल्या छोट्या चाचण्याही माझ्याच मशीनवर झालेल्या; हे रसायन थोडं वाढवलं तर भोकं वाढली, ते कमी केलं तर घटली, असं पानोपानी बारीक अक्षरात लिहिलेलं. दहा-बारा पानं उलटून ती थांबली.

"भोकं वाटीतलं तेल पाडत होतं. दोन वर्षं मी तुमच्या वाटीतलंच तेल सुधारत होते, बाबा."

आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी टाकीचा नळ उघडला आणि तिचं तेल खाली सोडायला लागलो.