माझी कडी कोणी तोडली?

मी एक जुना लोखंडी कठडा आहे, मित्रांनो. पोलीस मला बॅरिकेड म्हणतात. सध्या ठाण्याच्या मागच्या अंगणात उभा आहे, गळ्यात ‘मुद्देमाल : जमावाने तोडलेला’ अशी चिठ्ठी घालून. मला घडीभर स्वस्थता नाही, कारण त्या चिठ्ठीवर लिहिलेले धादांत खोटे आहे.

वेल्डरने मला दोन चाके दिली आणि शेजारच्या कठड्याशी साखळीने जोडायला एक कडी. नवा होतो तेव्हा मी भलताच भाव खात असे. एका बाजूला मोर्चा, दुसऱ्या बाजूला वाहने, मध्ये मी. माझ्यामुळे रुग्णवाहिका अडत नसे आणि घोषणाही थांबत नसत. लोक माझ्यावर ओले रुमाल वाळत घालत. आमचे हवालदार मामा मला लावताना माणूस जाईल एवढी फट ठेवत. “कंटाळला की जाऊ दे की घरी,” ते म्हणत.

मग नवे साहेब आले. त्यांना फट म्हणजे ढिलाई वाटे. एके दिवशी इस्पितळाच्या परिचारिका रस्त्याकडेला शांत बसल्या होत्या. वॉर्डात माणसे वाढवा, एवढेच त्यांचे म्हणणे. परवानगी पाचपर्यंतची होती. साहेबांनी आम्हाला चोहोबाजूंनी लावले, साखळ्यांना कुलपे घातली आणि किल्ल्या खिशात टाकून बैठकीला गेले.

पाचाच्या ठोक्याला वायरलेसवर त्यांचा हुकूम आला, “लाठ्या काढा, जमाव पांगवा!”

“पांगायचं कुठून, मामा?” मोठी सिस्टर म्हणाली. “कुलूप तर तुम्हीच लावलंय!”

लाठ्या पाहून मागच्या बायका पुढे लोटल्या. माझ्या गजांवर एका पोरीची छाती चेपली, तिला श्वास घेता येईना. मी लोखंडाचा, मागे सरणार कसा? सिस्टर जिवाच्या आकांताने ओरडत होती, “बसा गं, खाली बसा!” मामांनी एकदा वायरलेसकडे पाहिले, मग दगड उचलून माझ्या कडीवर दणादण घातला. कडी तुटली आणि बायका बाहेर पडल्या.

साहेबांनी मात्र सरकारी मालमत्ता तोडल्याचा गुन्हा सिस्टरवर लावला. ती निलंबित झाली. मामांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ते मूग गिळून बसले. येता-जाता माझ्याकडे पाहत आणि मान वळवत. मला त्यांचा राग येई आणि कीवही येई.

काल मला टेम्पोत घालून न्यायालयात नेले. सरकारी वकिलांनी साक्षीला उभ्या असलेल्या मामांना विचारले, “ही कडी जमावानेच तोडली ना?”

मामांनी घाम पुसला. “नाही. मी तोडली. नसती तोडली तर ती पोरगी मेली असती.”

निकाल अजून लागायचा आहे. मामांच्या हातात खात्याची नोटीस पडली आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी हुकूम देतील, कोणी रस्त्यावर बसतील. रस्ता सर्वांचा आहे, तेव्हा मला जरूर उभे करा. पण माझ्या आत माणसे आहेत हे विसरू नका, आणि चूक झालीच तर लगेच बोला. मामांना बोलायला चार महिने लागले. तेवढे दिवस सिस्टर घरी बसून होती, आणि तिच्या वॉर्डातले रुग्ण बेल वाजवत होते.