नाव बदललं, गाव ठेवलं

प्रबंधातल्या सगळ्या बायकांची नावं शिवप्रियानं बदलली होती. गावं मात्र तशीच ठेवली होती. घर सोडून एकट्या निघालेल्या बायका कुठून निघाल्या आणि कुठं पोचल्या, हाच तिचा विषय होता. गावं खोटी घातली तर संशोधन ते काय उरलं, असं मार्गदर्शक बाई म्हणाल्या. तिलाही ते पटलं.

धाराशिवच्या चर्चासत्रात तिनं 'कमल'बद्दल वाचलं. तेर गावची, नवऱ्यानं टाकलेली. चाळीस वर्षांपूर्वी भावाच्या घरातून निघाली, येडशीला रेल्वेत बसली. आता उमरग्यात हायवेला एका बाईबरोबर खानावळ चालवते. लोक त्यांना बहिणी समजतात. त्या दोघी त्याला संसार म्हणतात. चार दिवसांनी हे सगळं पेपरात आलं. तेरमधून त्या साली अशी एकच बाई गेली होती, हे शिवप्रियाच्या ध्यानातच आलं नव्हतं. गावाला ते पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीतून उमाबाईचा, 'कमल'च्या जोडीदारणीचा फोन आला. 'कमल'चं खरं नाव सारजा. "पोरी, सारजाचा भाचा गाडी घेऊन आलाय. तू ये आन् सांग, ही ती न्हाय म्हणून."

शिवप्रिया पोचली तेव्हा दोन ट्रकवाले जेवत होते. भाचा रामहरी बाजेवर बसला होता, त्याची दोन माणसं दारात. सारजाबाई भाकरी थापत होती आणि उमाबाई तिच्यापुढं आडवी उभी होती.

"या म्याडम," रामहरी म्हणाला. "तुमच्यामुळं आत्या घावली. आमी तर मेली समजून तेरावं उरकलं होतं."

"ही ती नव्हे. ती बाई दुसरी."

"व्हय? मग तेरची दुसरी कोण? नाव सांगा."

शिवप्रियानं जे नाव सांगावं, त्या बाईच्या दारात ही गाडी जाणार होती.

रामहरीनं खिशातून कात्रण काढलं. "ऱ्हाऊ द्या. या ड्रायव्हर लोकांना वाचून दाखवतो, कुणाच्या हातचं खातेत ते."

"वाच की!" उमाबाई कडाडली. "तुझ्या बापानं हिला गोठ्यात निजवली, ते बी वाच!"

सारजाबाईनं तव्यावरची भाकरी शेकली, ट्रकवाल्याच्या ताटात टाकली आणि हात धुतले.

"वाचू नको रं. येते मी."

"सारजा!"

"तुला हितंच ऱ्हायचंय, उमा. गिऱ्हाईक तुटल्यावर खाशील काय?"

गाडीत तिला दोघांच्या मधे बसवलं. सोलापूरच्या दिशेनं गाडी दिसेनाशी झाली.

"मावशी, पोलिसात जाऊ," शिवप्रिया म्हणाली. "मी जबाब देते."

"काय सांगशील? मी कोण लागते तिची?"

शिवप्रियानं त्याच प्रश्नावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. ठाण्यातल्या कागदावर घालायला त्यातला एक शब्दही कामाचा नव्हता.

आतून ट्रकवाल्यानं भाकरी मागितली. उमाबाई परातीपुढं जाऊन बसली. थापायचा सराव तिला नव्हता. पहिली भाकरी हातातच फाटली.