संताचा हिरवा डोळा

डोळ्यांवर कणीक थापलेली, कणकेवर कापूस, कापसावर काळा लोकरीचा पट्टा! एवढा बंदोबस्त करूनही साधू म्हणवणारा बंधू एफ्तिम समोरच्याच्या मनातलं घडाघडा वाचतो म्हटल्यावर गोर्ना लिपासारख्या गावानं आणखी काय मागायचं? रविवारी सकाळी चर्चची घंटा थांबायच्या आत वाचनालयाचं सभागृह खच्चून भरलं. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक खिडक्यांत बसले. सप्टेंबर म्हणजे मिरच्या भाजून बरण्या भरायचे दिवस. एरवी या दिवसांत गावातली बाई अंगणातली शेगडी सोडून हलत नाही. आज मिरच्या टोपल्यांत सुकत होत्या आणि बायका पहिल्या रांगेत होत्या.

कणीक बेकरीवाल्या पेनाबाईनं स्वतःच्या हातानं थापली होती, म्हणजे लबाडीला फटही नाही. व्यासपीठावर भरतकामाचा रुमाल घातलेलं टेबल, त्यावर संत मिनाची जाड चौकटीची तसबीर. चौकटीच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका मधूनच लुकलुके. तो संताचा डोळा. तो लुकलुकला की संत आले असं समजायचं आणि क्रूस करायचा.

"जीभ खोटारडी असते, लेकरांनो!" एफ्तिम गरजला. "ओठ शिवून टाका! मी विचारीन, तुम्ही नुसत्या मानेनं देवाला उत्तर द्या. मला पापी माणसाला काही दिसत नाही, आणि दिसायला नकोच! माझा संत तुमच्या काळजात बघतो आणि माझ्या काळजात बोलतो."

समोरच्या खुर्चीत पोस्टमनची बायको बसली.

"दुखणं कमरेच्या वर?" मान हलली. "नाही... खाली. गुडघा! उजवा?... थांबा, संत काही सांगताहेत... डावा! डावा गुडघा!"

"अगंबाई, डावाच की हो!" सभागृहानं एकदम श्वास सोडला.

मागच्या रांगेत नेदानं कपाळाला हात लावला. साठीच्या बाईचा गुडघा नाही दुखणार तर काय शेपूट दुखणार? आणि गुडघे दोन. उजवा नाही म्हटल्यावर उरतो कोणता? पण खरं सांगायचं तर एका जागी नेदाचंही डोकं अडलं होतं. मानेनं दिलेलं उत्तर या आंधळ्याला कळतं कसं? कणकेतून तर माशीही बघू शकत नाही.

नेदा काही ऐरीगैरी बाई नव्हती. तीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बिघाड शोधले होते. निवृत्त झाल्यावर इतर बायका विणकाम करतात. हिनं कोठीच्या फडताळात, मिरचीच्या चटणीच्या बरण्यांशेजारी, पत्त्यांच्या कॅटाएवढे तीन संगणक मांडले. घरचे फोटो, पत्रं, गावच्या गायनमंडळाची सगळी गाणी त्यांत. "आपलं गाठोडं परक्याच्या ओसरीवर कशाला ठेवायचं? आपल्या फडताळात जागा आहे की," असं ती म्हणे. अंगणात एक कॅमेराही लावला होता. आपली मांजर आली तरच दार उघडे, शेजाऱ्याचा बोका बाहेर बोंबलत बसे.

आणि आता याच फडताळावर बालंट आलं होतं.

दहा दिवसांपूर्वी नेदाची मोठी बहीण स्ताम्का एफ्तिमच्या खुर्चीत बसली. छातीत धडधड, डोक्यात गरगर, हे त्यानं मानेवरून ओळखलं आणि निकाल दिला: तुझ्या रक्ताच्या माणसाच्या घरी वायरींचा डबा आहे, सगळी पीडा त्यातून येते. डबा नदीत, गोळ्या चुलीत, आणि रोज संताच्या दिव्यातलं तेल तीन चमचे! नेदाच्या डब्याची बातमी गावातल्या कुठल्याही बाकावर फुकट मिळाली असती. पण स्ताम्कानं नऊ वर्षं घेतलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या खरोखरच चुलीत टाकल्या. काल नेदानं तिचा दाब मोजला तर वरचा आकडा एकशे पंच्याण्णव. नेदाला रात्रभर झोप लागली नाही.

आजही स्ताम्का शेजारीच बसली होती, लाल चेहऱ्यानं, कानशिलं दाबत.

"ताई, तुझ्या पाया पडते, निदान आजची गोळी घे," नेदा कुजबुजली. "मी नवी पाकिटं आणलीत."

"आधी तो डबा नदीत."

"अगं, त्यात आईचे फोटो आहेत. तुझ्या लग्नाचेही आहेत."

"फोटो अल्बमात असतात. डब्यात भुतं असतात."

"मग आमची भुतं भारी शिस्तीची आहेत, ताई," नेदाचा नवरा गेन्चो म्हणाला. "दर शनिवारी आपापली नक्कल काढून ठेवतात."

"तू गप रे!" दोघी बहिणी एकदम म्हणाल्या. निदान तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

व्यासपीठावर आता इलिंका बसली होती. चौदा वर्षं व्हॅलेन्सियात म्हाताऱ्यांची सेवा करून ती नुकतीच परतली होती. आणि काय गंमत, एफ्तिमची गाडी रुळावरून घसरली ती घसरलीच. मुलगी असलेल्या बाईला त्यानं मुलगा दिला, धडधाकट आईला कबरीत पोचवलं, आणि कधी नसलेला दमा तिच्या छातीत कोंबला. लोक चुळबुळले.

"परदेशच्या हवेनं हिच्या काळजावर काजळी धरलीय!" एफ्तिमनं लगेच सावरून घेतलं. "संताला आरपार दिसत नाही. तेल सहा चमचे!"

नेदा ताठ बसली. गेल्या रविवारी जर्मनीहून आलेल्या ट्रकवाल्याचंही असंच झालं होतं. त्याच्याही काळजावर काजळी निघाली होती. एक्स्चेंजमध्ये तिचे साहेब सांगायचे, बिघाड शोधायचा तर कुणाचा फोन लागतो ते बघू नका, कुणाचा लागत नाही ते बघा.

इलिंका खाली येताच नेदानं तिला ओढून घेतलं. "आत्ता वर मान कशी हलवलीस गं?"

"कशी म्हणजे? 'हो' म्हणायला अशी." इलिंकानं मान वरून खाली हलवली आणि जीभ चावली. "हात्तिच्या! चौदा वर्षांत मानच फिरली बघ माझी. परवा खाटकानं विचारलं, किलोभर देऊ का? मी केलं 'हो', आणि त्यानं मटण उचलून परत आत ठेवलं!"

कारण गोर्ना लिपात मान आडवी हलली की होकार आणि वर-खाली झाली की नकार. आजोबा-पणजोबांपासून तसंच. परदेशात राहून आलेल्यांची तेवढी उलटते.

नेदाच्या मनात लख्ख उजेड पडला. संत काळजात बघत असता तर त्याला स्पेन काय आणि जर्मनी काय? इलिंकाच्या काळजात मुलगी होतीच की! बघणारा जो कोण होता तो मानेकडे बघत होता. आणि तो हिरवा ठिपका! एवढा वेळ आपल्याला ओळखू कसा आला नाही, म्हणून तिला स्वतःचाच राग आला. छोटा संगणक कामाला लागला की अस्साच लुकलुकतो. तिच्या फडताळातले ठिपके डोळ्यांना टोचायचे, म्हणून तिनं काळी चिकटपट्टी लावून झाकले होते. या महाराजांनी पट्टी लावायची सोडून त्याचा डोळा करून टाकला.

"आता मी जाते त्या खुर्चीत," ती उठली.

"कुणी आत्मा खुर्चीत बसलाय," एफ्तिम गुणगुणला. "आत्म्या, तुझा नवरा हयात आहे?"

नेदानं मनात म्हटलं, आहे, मागे बसून सूर्यफुलाच्या बिया खातोय. आणि मान हलवली वर-खाली.

"विधवा!" एफ्तिमनं हात पसरले. "अरेरे! तरुणपणीच गेला!"

"मग मी कोण? त्याचा भाऊ?" गेन्चो मागून ओरडला. सभागृह खो-खो हसत सुटलं.

"सख्खी बहीण आहे?"

नेदाची मान वर-खाली.

"एकटी! जगात रक्ताचं कुणी नाही!"

"अहो, मी इथे बसलेय!" स्ताम्का संतापून उभी राहिली. "नेदा, तू खोटं का सांगतेस त्यांना? मान तूच 'नाही' अशी हलवलीस!"

"हलवली," नेदा शांतपणे म्हणाली. "मान 'नाही' म्हणाली. पण मन 'आहे'च म्हणत होतं, ताई. यानं मन वाचलं की मान? आणि मान वाचली, तर डोळ्यांवर कणीक असताना कशी?"

हे गणित सोपं होतं, पोस्टमनच्या बायकोलाही सुटलं.

"संताची परीक्षा घेतेस, पापिणी?" एफ्तिमचा आवाज चिरकला.

"संताची नाही रे बाबा, तुझी. तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेव आणि पुन्हा सांग."

"तसबिरीला जो हात लावील त्याचा हात झडेल!"

पुढं सरकलेले दोघेतिघे जागच्या जागी थिजले. नेदालाही ती सहज उचलता आली असती. पण मग ताई म्हणणार, डबा तूच ठेवलास मागे. म्हणून तिनं हात पुढे केला. "ये, ताई. तू बघ."

"आणि हात झडला तर?"

"तुझा हात माझ्या हातात आहे. झडले तर दोन्ही झडतील."

स्ताम्का पायऱ्या चढली. बहिणींनी मिळून तसबीर उचलली आणि फिरवली. मागे संगणकाची हिरवी पट्टी, चार वायरी आणि फोनचा चार्जर. संताच्या झग्याच्या बटणातून भिंग डोकावत होतं.

"अगं," स्ताम्का हळूच म्हणाली, "हा तर तुझ्या फडताळातल्यासारखाच डबा!"

"गेन्चो, खुर्चीत बस," नेदानं तसबीर त्याच्यासमोर धरली. "हलव मान."

गेन्चोनं मान आडवी हलवली. शांत सभागृहात एफ्तिमच्या कमरेतून आवाज आला, गुर्रर्र. मग वर-खाली हलवली. गुर्रर्र, गुर्रर्र. गेन्चोला भलतीच मजा वाटली. त्यानं मान गरागरा फिरवली, तसा एफ्तिमचा कमरपट्टा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणू लागला आणि महाराज गुदगुल्या झाल्यासारखे नाचू लागले.

"हेच ते काळजातलं बोलणं," नेदा म्हणाली. "भिंग मान बघतं, डबा ओळखतो आणि कमरेतल्या बझरला कळवतो. एक गुर्र म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. माझा डबा मांजर ओळखतो, याचा मान ओळखतो. देव दोघांतही नाही. एफ्तिम, जोडणी सुरेख केलीस हो. शाळेत मुलांना शिकवली असतीस तर मी तुला हातानं करून वाढलं असतं."

"ही... ही प्रेरणाही संताचीच!" म्हणत एफ्तिम बाजूच्या दारानं सटकला. डोळ्यांवरचा पट्टा सुटला होता, पण एका डोळ्यावर कणीक तशीच होती, त्यामुळे आधी दारावर आपटला.

लोक हसत होते. स्ताम्का हसत नव्हती. ती व्यासपीठाच्या पायरीवर मटकन बसली.

"दहा दिवस, नेदा. दहा दिवस मी तेल प्याले. तुझ्या घरी पाऊल टाकलं नाही." तिला रडू फुटलं. "मरायची वेळ आली असती तर तुझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नसतं गं मी!"

नेदानं डॉक्टरांना फोन लावला. "गोळी आत्ता द्या आणि तसंच दवाखान्यात घेऊन या," ते म्हणाले. स्ताम्कानं पाण्याबरोबर गोळी घेतली, डोळे पुसले. लोक उठू लागले होते. मिरच्यांची आठवण झाली होती सगळ्यांना.

"बसा!" नेदा म्हणाली. "त्याला हसलात, बरं केलंत. पण उद्या दुसरा येईल, त्याचा डबा याहून लहान असेल. म्हणून एवढंच ऐका. माझं फडताळ कधीही येऊन उघडा, वायरी मोजा, काय हवं ते विचारा. ज्याची मागची बाजू बघायला मनाई असते, त्याच्या शब्दावर औषध सोडू नका. शंका घेतल्यानं देव रागावत नाही, देवाच्या नावावर पोटं भरणारे रागावतात."

"आता मी विचारते," स्ताम्का भिंतीला धरून उभी राहिली. "याच्या नादानं आणखी कुणी गोळ्या टाकल्यात? मान नको, हात वर करा."

आधी पोस्टमनच्या बायकोनं हात वर केला. मग एक, मग आणखी एक. एकूण सात हात झाले. सातवा बेकरीवाल्या पेनाचा होता. कणीक अजून तिच्या नखांत होती.

"मी साखरेची सुई घ्यायची सोडली," ती पुटपुटली. "लाज वाटते गं."

"लाज संध्याकाळी वाटू दे," स्ताम्का म्हणाली. "आधी गाडीत बस."