पिशवीच्या प्लास्टिकचा काळा धागा

अपघातात दादाचा गुडघ्याखालचा पाय गेला, आणि त्याला लाकूड-लोखंडाचा कृत्रिम पाय बसवला. चांगलाच जड. संध्याकाळी तो काढून ठेवताना दादा म्हणायचा, "आज याने मला चालवलं की मी याला, कोण जाणे!" कार्बन धाग्याचे पाय हलके असतात, पण ते आपल्या आवाक्यातले नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटी बहीण प्रयोगशाळेत तेच धागे बनवायची, त्यामुळे तिला ते जास्तच टोचायचं.

एरवी हा धागा एका महागड्या प्लास्टिकला भट्टीत भाजून करतात. तिने बाजारातल्या पिशव्यांचं साधं प्लास्टिक घ्यायचं ठरवलं. अडचण अशी, की ते भाजण्याआधीच वितळायचं. वितळू नये म्हणून ती त्याचा धागा ओढून आधी ॲसिडमध्ये मुरवायची. तरी भट्टीतून निघायचा तो गोळाच.

"अगं, मेणबत्ती भाजून कधी कोळसा होतो का?" विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "सोड हा नाद."

"थोडे दिवस द्या, बाई."

घरी दादाने विचारलं, "आजही पाणीच झालं वाटतं?"

"झालं. पण तू धीर धर."

"मी कुठे पळून चाललोय?" तो म्हणाला, आणि दोघंही हसत सुटली.

एकदा तिने अर्धवट वितळलेला तुकडा आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बाहेर कडक काळी साल, आतलं वितळून गेलेलं, नुसती पोकळी. म्हणजे ॲसिड आतपर्यंत पोचतच नव्हतं! धागाच जाड पडत होता.

ती तो बारीक ओढायला गेली, तर तटातट तुटायला लागला. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. राहवेना, तशा हातमोजे चढवून आत आल्या.

"सरक. तू आच सांभाळ, ओढ मी सांभाळते. धागे ओढण्यातच माझे केस पिकलेत."

दोघींनी मिळून केसाहून बारीक धागा काढला, मुरवला, धुतला आणि ताणून भट्टीत लावला. भट्टी निवल्यावर दार उघडलं. धागा अखंड होता, काळाकुळकुळीत. बाईंनी तो बोटाभोवती गुंडाळला. तुटला नाही.

ताकद मोजली, तर महागड्या धाग्याच्या निम्मीच भरली. तिचा चेहरा उतरला.

"तोंड कशाला पाडतेस? माझा पहिला धागा फुंकरीने मोडला होता," बाई म्हणाल्या. "या वेळी ॲसिड जरा गरम ठेवून बघू, म्हणजे ते आणखी आत मुरेल. चल, नवं रीळ लाव."