सोनूबाईंच्या नावाचा बाक

मित्रांनो, भांडुपच्या बागेत रस्त्याकडे पाठ करून जो सिमेंटचा बाक बसला आहे, तो मीच. रंग उडाला, एक कोपरा फुटला, पण माझ्यावरची अक्षरे अजून शाबूत आहेत : ‘कै. सोनूबाई यांच्या स्मरणार्थ. मुलगा नितेश, सून व नातवंडे.’ ओल्या सिमेंटमध्ये ती कोरली, तेव्हापासून मी एका आईचे नाव वागवतो आहे. मला इथे बसवले त्या दिवशी नितेशने हार घातला, नारळ फोडला. मी अगदी फुशारून गेलो होतो.

मायेचा हात मात्र मला लावला तो मीराने. मीरा सोनूबाईंचेच लेकरू. मुलगा म्हणून जन्मली आणि बाई म्हणून जगू लागली, तेव्हा नितेशने तिला घराचे दार बंद केले. आईच्या तेराव्यालाही येऊ दिले नाही. आईच्या फोटोपुढे उभे राहायची सोय उरली नाही, म्हणून ती दुपारी माझ्याकडे येई, पदराने आईचे नाव पुसे आणि घटकाभर बसे. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तेही लोकांच्या डोळ्यांत खुपले. कुणीतरी तक्रार केली. सोनूबाईंच्या वर्षश्राद्धाला मीरा शेवंतीची वेणी घेऊन आली, तेव्हा हवालदार काठी आपटत आला.

“ए, ऊठ. इथे फॅमिली येतात. तुझा धंदा दुसरीकडे कर.”

“साहेब, नाव वाचा ना. माझी आई आहे ती.”

हवालदाराने वाचले. त्यात मीरा कुठेच नव्हती. तेवढ्यात नितेश हार घेऊन आला. ही तुमची कोण, असे हवालदाराने त्याला विचारले. मीरा भावाकडे बघत राहिली. त्याच्या एका शब्दाचे काम होते.

“नाय साहेब, आपल्या ओळखीची नाय.”

दंडाला धरून तिला बाहेर काढले. वेणी माझ्या पायाशी पडली आणि बुटाखाली चिरडली गेली. मी गप्प राहिलो. मला वाचा होतीच कुठे? ज्याला होती, त्याने त्या वाचेचे काय केले ते मी पाहिले.

आता तिला फाटकातच अडवतात. ती कुंपणाबाहेर रस्त्यावर उभी राहते, तिथूनही हाकलतात. तिथून तिला माझी कोरी पाठ तेवढी दिसते. आईचे नाव आतल्या बाजूला राहते.

मित्रांनो, मला रंग लावू नका, हारही नको. माझे पाय सिमेंटमध्ये रोवले आहेत, नाहीतर मीच तिच्याकडे तोंड करून बसलो असतो. तुम्हाला पाय आहेत आणि वाचाही आहे. ती फाटकाशी दिसली, तर आमच्या ओळखीची आहे म्हणा, तिला आत आणा आणि थोडे सरकून बसा.