चौसष्ट पाकिटं

बॉल्सब्रिजच्या हॉटेलातला तो हॉल दोनशे माणसांचा होता आणि दसऱ्याच्या संध्याकाळी त्यात तीनशे मराठी माणसं दाटीवाटीने उभी होती. बहुतेक सगळे इंजिनिअर. कोणी लिक्सलिपच्या चिप कारखान्यातले, कोणी औषधांच्या, कोणी सॉफ्टवेअरमधले. आपट्याची पानं कोणाच्या तरी आईने पुण्याहून बॅगेत घालून आणली होती, पण ती वाटायचं कोणाला सुचत नव्हतं. सगळ्यांचे डोळे स्टेजवरच्या एका पिवळ्या पाकिटावर होते.

पाकीट सुरुचीचं. ती माझी मैत्रीण. कारखान्यात आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत. संयोजक विक्रांतने लाखेचं सील सगळ्यांना दाखवलं आणि पाकीट फोडलं. आत एक कागद. अमेरिकेतला बेसबॉलचा मोसम सुरू व्हायच्या आधी, मार्चमध्ये, प्रकाशगुरुजींनी स्वतःच्या हाताने लिहिलेला. त्या खेळात तीस संघ, पाच-पाचांचे सहा गट. कोणत्या गटात कोण पहिला येणार, त्याची सहा नावं. विक्रांत एकेक नाव वाचत गेला आणि मागच्या पडद्यावर एकेक निकाल दाखवत गेला. सहापैकी सहा बरोबर आले. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या आणि काही जण चक्क रडले.

"मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर तोच निवडला. क्रिकेट सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, अभ्यास केला. मी फक्त संघांची कंपनं ऐकली. चेंडू गोल, ग्रहही गोल."

चेंडू गोल, ग्रहही गोल, या सिद्धांतावर डॉक्टरेट मिळवलेली माणसंसुद्धा माना डोलावत होती. मीही टाळ्या वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून. मला काहीच वाटलं नाही. आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, मला फारसं काही वाटत नाही. जेवते, कामाला जाते, हसायच्या जागी हसते.

मग गुरुजींनी सुरुचीला वर बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सिद्धी तुझ्या घरी उतरली, पोरी. ती छातीतली गाठ ग्रहांची आहे. संक्रांतीपर्यंत विरघळेल. तोवर अंगाला सुई लागता कामा नये."

सुरुचीला सुई लागणार होती पुढच्याच गुरुवारी. गाठीचा तुकडा काढून तपासायचा होता आणि त्या तारखेसाठी तिने सहा आठवडे वाट पाहिली होती. परतताना गाडीत ती म्हणाली की सोमवारी फोन करून ती तारीख रद्द करणार. चेहरा इतका मोकळा झाला होता की मला तिचा हेवा वाटायला हवा होता.

मी एवढंच विचारलं, की तुझंच पाकीट का?

ती उत्साहाने सांगू लागली. चौसष्ट योगिनी, चौसष्ट कला, म्हणून गुरुजींनी चौसष्ट घरांत पाकिटं दिली होती. भाकीत एकच, प्रती चौसष्ट. देव्हाऱ्यात ठेवायचं, उघडायचं नाही, वाच्यता केली की फळ जातं. नवरात्रात घटाखाली ठेवायचं आणि दसऱ्याला सकाळी घटाबरोबर न उघडता विसर्जन करायचं. मंगळवारी मात्र तिला गुरुजींचा फोन आला की तुझं तेवढं ठेव, सोवळं तुझ्याकडेच नीट पाळलं गेलंय. बाकी सगळ्यांनी आपापली पाकिटं आज सकाळी पाण्यात सोडली.

"मोसम कधी संपला?" मी विचारलं.

"रविवारी. का गं?"

कारखान्यात माझं काम बाहेरून येणारी रसायनं तपासून घेण्याचं. तिथला पहिला नियम शिकाऊ मुलीलाही पाठ असतो: नमुना माल पुरवणाऱ्याने निवडायचा नाही. आपण उठून, आपल्या हाताने, कुठलाही डबा उचलायचा. रोज हेच करणारी तीनशे माणसं आज हॉलमध्ये होती आणि नमुना गुरुजींनी निवडला होता.

चौसष्टातलं एक घर माझं होतं. मी घट बसवत नाही, पण मार्चमध्ये सुरुचीने ते पाकीट बळेच माझ्या गळ्यात मारलं होतं. ते स्वयंपाकघरातल्या कपाटात, चहाच्या डब्यांमागे पडून होतं. घरी जाऊन मी ते फोडलं. तसाच कागद, तेच अक्षर. पाच नावं बरोबर होती. चौथ्या गटातलं नाव वेगळं होतं, आणि चुकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गावातल्या बेटिंगच्या दुकानात गेले. अशी दुकानं इथे प्रत्येक गावात असतात आणि मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. काउंटरवरच्या म्हाताऱ्याला विचारलं, मार्चमध्ये लोक कोणत्या संघांवर पैसे लावत होते. त्याने यादी काढून दिली. म्हणाला, दर गटात पाच संघ असले तरी जिंकण्यासारखे दोनच, बाकीचे नुसते खेळायला येतात. हे मोसमाआधीच पेपरात छापलेलं असतं. माझ्या कागदावरची सहाही नावं त्या जोड्यांतली होती. सुरुचीचीही.

एका गटात दोन शक्यता. दोन गटांत चार, तीन गटांत आठ. सहा गटांत चौसष्ट.

तिथूनच विक्रांतला फोन केला. तो आधी चिडला. पण कार्यक्रमाच्या धावपळीत त्याचा घट पाकिटासकट, विसर्जनाविना मागच्या अंगणात बादलीतच राहिला होता. संध्याकाळी त्याने ओलं पाकीट उघडलं आणि मला फोन केला.

"दोन चुकलीत," तो म्हणाला. "या गुरुजींनी आपल्याला घाऊकात बनवलं."

शनिवारी सुरुचीच्या घरी जाऊन मी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिने ते पुन्हा पुन्हा वाचले. मग हट्टाने म्हणाली, "पण माझं बरोबर आलं ना?"

"कोणाचं तरी येणारच होतं. सगळीच उत्तरं वाटल्यावर एक बरोबर निघतंच. रविवारी निकाल लागला, वही उघडून त्यांनी ते कोणाकडे आहे ते बघितलं आणि तुला फोन केला."

"आणि कुठल्या गटात तिसराच संघ जिंकला असता तर?"

"तर चौसष्टही लिफी नदीत गेली असती. तुला फोन आला नसता आणि दसरा नेहमीसारखा झाला असता."

ती तरीही कागदाकडेच बघत होती. तेव्हा मी तिला आईच्या गाठीचं सांगितलं, जे इथे कोणालाच सांगितलं नव्हतं. आईला एक बाई भेटली होती, काढा पिऊन गाठ विरघळलेली. खोटारडी नव्हती बिचारी. तिची गाठ साधी असेल, आपोआप गेली असेल. तिच्यावर विश्वास ठेवून आई सात महिने थांबली. मीही थांबू दिलं.

"काढा पिऊनही वारलेल्या बायका आईला भेटायला येऊ शकत नव्हत्या," मी म्हणाले. "ती पाकिटं आधीच बुडालेली होती, सुरुची."

तिने कागदांच्या घड्या घातल्या. मग विचारलं, "गुरुवारी सोडशील मला?"

गुरुवारी ती आत गेली आणि मी बाहेर बसले. मला भीती वाटत होती. चार वर्षांनी काहीतरी वाटत होतं आणि ती नेमकी भीतीच होती, पण मी ती वाटू दिली. बाहेर आल्यावर सुरुची म्हणाली की सुई फार दुखली नाही, निकाल दहा दिवसांनी. तो काय येईल ते मला माहीत नाही आणि गुरुजींनाही नाही. पण वाईट आला तरी तो आत्ता कळेल, संक्रांतीनंतर नाही.

गुरुजी हल्ली दुसऱ्या देशात कंपनं ऐकतात म्हणे. ते तुमच्या गावी आले आणि एखादं पाकीट फोडून दाखवू लागले, तर टाळ्या जरूर वाजवा. वाजवून झाल्या की हात वर करून विचारा, बाकीची पाकिटं कुठे आहेत?