लुकेच्या तोमासाची कवळी

डॉन पोर्फिरियो एस्कुर्राने लिहून आणलेला कागद निमिया ओवेलारने दोन बोटांत धरून वाचला, मेलेलं झुरळ उचलावं तसा. पाराग्वेतली एक नंबरची कवळी, जर्मन तंत्र, लाखो समाधानी ग्राहक.

"देशात एवढी बोळकी तरी आहेत का, डॉन पोर्फिरियो?"

"सगळे असंच लिहितात, बाई."

"म्हणून तर कुणी वाचत नाही."

असुन्सिओनच्या बाजारामागे पोर्फिरियोचं कवळ्यांचं दुकान होतं. हात चांगला होता त्याचा, पण तोंड उघडलं की गिऱ्हाईक पळायचं. निमियाने आजवर साबणापासून शवपेट्यांपर्यंत सगळ्याच्या जाहिराती लिहिल्या होत्या. इतक्या वर्षांत तिचं एक मत पक्कं झालं होतं: विकणारा मूर्ख असतो आणि विकत घेणारा त्याहून मूर्ख. या दोघांच्या मधे बसून ती पोट भरत होती आणि दोघांकडेही नाक मुरडत होती.

"खोटं बोलायचं तर त्यात जराशी खोट ठेवावी लागते," ती म्हणाली. "फार गुळगुळीत असलं तर घशाखाली उतरत नाही."

आणि तिने लिहिलं: 'मी तोमासा, लुके गावची. खालची कवळी सुरुवातीला इतकी काचली की मी डॉन पोर्फिरियोच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दोनदा घासून घ्यायला जावं लागलं. पण लेकाच्या लग्नात भाजलेलं मांस चावून खाल्लं. चिपाचा कडक पाव अजून जमत नाही.'

"माझ्याच पैशाने माझी बदनामी?" पोर्फिरियो पांढराफटक पडला.

"हीच बदनामी तुम्हाला जेवू घालेल."

तसंच झालं. पत्रक वाटल्यावर दुकानात खुर्ची रिकामी राहीना. लोक येऊन उलट त्यालाच समजवायचे, "काचणार हे ठाऊक आहे आम्हाला, तोमासाने सांगितलंय." निमिया कोपऱ्यात नळीने तेरेरेचा गार काढा ओढत हे ऐकायची आणि मनात म्हणायची, मेंढरं आहेत नुसती. जरा रडून दाखवलं की मागे येतात.

मग एका सकाळी फुलाफुलांच्या झग्यातली एक जाडजूड बाई छत्री टेकत दुकानात शिरली. "मी तोमासा," ती म्हणाली. "लुकेची."

पोर्फिरियोने निमियाला बोलावून घेतलं. बाईचं बोलणं लुकेकडचं नव्हतं, हे निमियाने पहिल्याच वाक्यात ओळखलं.

"कशावरून तुम्ही तोमासा?"

"नाव माझं, गाव माझं, लग्न माझ्या लेकाचं. मला न विचारता छापलंत. आता शेजारणी म्हणतात, दाखव दात. काय दाखवू?" तिने आ वासला. आत एकही दात नव्हता. "कवळी द्या, नाहीतर बाहेर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच दाखवते."

कवळी द्यावीच लागली. पण फुकट कवळी घेऊन घरी जाणाऱ्यांतली ती नव्हती. रोज येऊन बाकावर बसायची आणि येईल त्याला आपली कहाणी सांगायची. आधी निमियाने लिहिलं तेवढीच. मग त्यात कवळी बसवल्यावर मागणी घालणारा एक विधुर आला. मग वेश पालटून कवळी घ्यायला आलेला एक बिशप आला. आता तरी कुणी हसेल म्हणून निमिया वाट बघत राहिली. कुणी हसलं नाही. दोघी-तिघींनी तर छातीवर क्रुसाची खूण केली. निमियाला स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटलं. ती एकेक शब्द तोलून टाकत आली होती आणि इथे घमेल्याने ओतलेलंही खपत होतं.

पुढे तोमासाने प्रत्येक गिऱ्हाइकामागे वाटा मागितला. पोर्फिरियो नाही म्हणाला. चारच दिवसांत ती रस्त्यापलीकडच्या व्हिल्लासांतीच्या दारात जाऊन बसली. हा गृहस्थ कालपरवापर्यंत घड्याळं दुरुस्त करायचा, आता कवळ्या विकायचा.

"समोरच्याने माझे हाल हाल केले," ती सांगायची. "पत्रक वाचलंय ना? माझ्याच तोंडचं आहे ते."

"लिहा की ती बाई खोटी आहे," पोर्फिरियो निमियाच्या मागे लागला. "लुकेत अशी कुणी तोमासाच नाही, असं छापा."

"आणि पत्रक कुणी काढलं होतं, असं लोकांनी विचारलं तर?"

खुर्ची पुन्हा रिकामी राहू लागली.

एका दुपारी निमिया घरी आली तर आई टेबलाशी बसून उकडलेला मांडिओका कंद खात होती आणि तोंडातून टकटक आवाज येत होता. लेकीने किती वेळा म्हटलं तरी म्हातारी पोर्फिरियोकडे जायला तयार नव्हती.

"कुणाकडून घेतलीस?"

"व्हिल्लासांतीकडून. तिथे एक बाई भेटली. बिचारीने स्वतः सोसलंय, ती कशाला खोटं बोलेल?"

"आई, तोमासा मी लिहिली. अशी बाई नाहीच."

"तासभर बोलत होते मी तिच्याशी. आणि तू म्हणतेस नाहीच." आईने कवळी जिभेने जागेवर ढकलली. "तुला पहिल्यापासून सगळं जग बावळट दिसतं. मीसुद्धा."

ते खरं होतं.

आठवडाभरात आईच्या हिरडीतून रक्त येऊ लागलं. मग ती निमूटपणे लेकीबरोबर पोर्फिरियोकडे गेली. त्याने पुन्हा माप घेतलं, नवी कवळी केली, दुखेल तिथे घासून दिली, आणि काम करताना एक शब्द बोलला नाही. महिन्याभरात म्हातारी मांस खाऊ लागली.

"आता खरं गिऱ्हाईक मिळालं," पोर्फिरियो म्हणाला. "फोटो काढू. यांचंच छापू."

आई केस विंचरून, मोत्यांची माळ घालून बसली. निमियाने पेन उघडलं. "सांग. झालं तसंच सांग."

आईने घसा साफ केला. "कवळी घातल्या क्षणापासून मला कसलाही त्रास झाला नाही. जणू देवानेच दिलेले दात."

"पहिले चार दिवस तू रडत होतीस, आई."

"ते काय छापतात? लोक काय म्हणतील?"

"बाई, मी हेच सुरुवातीपासून सांगत होतो," पोर्फिरियो म्हणाला.

निमियाने अक्षर न बदलता लिहून घेतलं. पत्रकं छापून आली तेव्हा ती स्वतः दुकानाबाहेर वाटायला उभी राहिली. असलं काम तिने उभ्या जन्मात केलं नव्हतं. सुजलेल्या गालाची एक बाई थांबली, वाचलं, फोटो निरखला आणि सोबतिणीला म्हणाली, "पैसे देऊन बसवलेली दिसते." दोघी रस्ता ओलांडून तोमासाच्या दिशेने निघाल्या.

"अहो, ती माझी आई आहे," निमिया मागून म्हणाली.

बाईने वळून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग तर झालंच, घरचीच बसवलेली," ती म्हणाली आणि पलीकडे गेली.